साहेबांना घेऊन नदीकाठच्या घरी

बायको : ...आणि साहेबांच्या बाईंचा गुडघा दुखतो म्हणालास, मग त्यांना माडीवर चढवणार कसं? त्या लाकडी जिन्यात तुमच्या कंपनीची लिफ्ट बसवतोस का?

नवरा : चेष्टा नको गं. त्यांना खालची खोली देऊ. नदीकडची.

बायको : ती बाबांची आहे.

नवरा : दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

बायको : बरं. मग बाबा माडीवर झोपतील. तो जिना त्यांना पाठ आहे, डोळ्यावर पट्टी असली तरी चढतील. आपण समोरच्या खोलीत.

नवरा : माडीवर साहेबांची मेहुणी. तीही येतेय.

बायको : मेहुणी कुठून उगवली?

नवरा : त्यांनीच विचारलं, आणू का म्हणून. मी काय, नको म्हणू?

बायको : मग बाबा कुठे?

नवरा : तेच तर केव्हाचा म्हणतोय मी.

बायको : केव्हाचा कुठे? केव्हाचा तू चादरी, टॉवेल, बर्फाचा डबा, मासे धरायचे गळ, असं सगळं मोजतोयस. बाबांचं नाव आत्ता निघालं, तेही मी काढलं म्हणून.

नवरा : हे बघ, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. तिथं धूळ, वारा, मधमाश्या. इथं आपल्याकडे आराम आहे. राहू देत ना अजून थोडे दिवस.

बायको : डॉक्टर म्हणाले, घरी जायला हरकत नाही. बाबा सकाळपासून पिशवी भरून बसलेत. राजधानीची हवा त्यांना मानवत नाही, खिडकी उघडली की खोकतात. शनिवारी आपण जातोच आहोत, तर आपल्याबरोबर येतील. त्यात एवढा विचार कसला?

नवरा : गाडीत जागा नाही.

बायको : साहेबांना त्यांची गाडी आहे की.

नवरा : मीच म्हटलं, मी चालवतो, तुम्ही मागे निवांत बसा. दीड तासाचा रस्ता आहे. तेवढ्यात निवांत बोलता येतं माणसाशी. ऑफिसात ते समोर बसलेले असतात, पण भेटतात कुठे?

बायको : म्हणजे बढतीचं बोलणार.

नवरा : मी नाही बोलणार. त्यांनी बोलावं अशी वेळ आणणार. पुढच्या आठवड्यात ठरतंय, सगळा उत्तर विभाग कोणाकडे द्यायचा ते. माझ्याकडे की त्या चष्मेवाल्याकडे. चष्मेवाल्यानं साहेबांना तीनदा नेलंय त्याच्या डोंगरावरच्या बंगल्यावर.

बायको : आणि तू नेणार माझ्या माहेरी. खरं सांगू? मला बरं वाटलं. कोणी विचारलं की मी अजून दबकतच सांगते, वडील मधमाश्या पाळतात म्हणून. आणि तू चक्क तुझ्या साहेबांना ते दाखवायला निघालास.

नवरा : तिथं गेल्यावर माहेर माहेर करू नकोस फक्त.

बायको : मग काय म्हणू?

नवरा : घर म्हण. आपलं घर.

बायको : आपलं घर! बरं. ऐकायला गोड आहे. दवाखान्यात दिवसभर लोकांचे किडके दात घासल्यावर असं काहीतरी ऐकलं की बरं वाटतं.

नवरा : आणि निळा ड्रेस घाल. तो पिवळा नको.

बायको : घालीन. अरे हो, एक गंमत सांगायची राहिली. मघाशी बाईंशी बोलले मी.

नवरा : कोणत्या बाई?

बायको : तुझ्या साहेबांच्या. फोन केला होता.

नवरा : तू? तू कशाला फोन केलास? नंबर कुठून मिळाला?

बायको : तुझ्याच फोनमधून घेतला. असा दचकतोस काय? गुडघ्याचं विचारायला केला. खाली कमोड आहे, काळजी नको, एवढं सांगायला. बाई खूप गोड बोलल्या. पण त्यांचा काहीतरी घोळ झालाय. मला म्हणाल्या, तुमच्या राखणदाराला सांगून ठेवा हं, गेल्या वेळी दिला तसा मध काढून ठेव म्हणावं, तसा मध बाजारात मिळत नाही.

नवरा : हं.

बायको : मी हसले. म्हटलं, बाई दुसऱ्या कोणाच्या घराशी गल्लत करतायत. त्या चष्मेवाल्याच्या असेल. आपल्याकडे कुठला राखणदार? आणि गेल्या वेळी म्हणजे कधी? पण म्हटलं, मोठी माणसं, कशाला चूक काढा. हो हो, सांगते म्हटलं.

नवरा : बरं केलंस.

बायको : बरं केलं काय? हसलास पण नाहीस.

नवरा : हसायचं काय त्यात. त्यांच्या डोक्यात हजार गोष्टी असतात. तू आधी हे सांग, त्या मागच्या खोलीच्या कुलपाची किल्ली...

बायको : मध तर बाबांचाच असणार. राजधानीच्या आसपास त्या चवीचा मध दुसऱ्या कोणाचा नाही, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. मग चष्मेवाल्याच्या डोंगरावर तो कसा जाईल?

नवरा : मीच दिली असेल बाटली. ऑफिसात.

बायको : असेल, की दिली होती?

नवरा : तू काय उलटतपासणी घेतेस?

बायको : माझ्याकडे बघून बोल. तू साहेबांना आधी एकदा नेलंस तिथं?

नवरा : एकदाच.

बायको : कधी?

नवरा : तू त्या प्रशिक्षणाला गेली होतीस ना, दुसऱ्या शहरात, तेव्हा. एकाच दिवसासाठी. जेवून परत. अचानक ठरलं, सांगायचं राहून गेलं.

बायको : वर्ष होत आलं त्याला. वर्षभर राहून गेलं?

नवरा : हो, राहून गेलं! माणसाला शंभर कामं असतात.

बायको : आणि राखणदार?

नवरा : अगं, त्यांनीच गैरसमज करून घेतला. फाटक उघडायला बाबा पुढे आले. अंगात ते जुनं जाकीट, हातात धुराचं डबडं, तोंडावर जाळी. साहेब म्हणाले, तुमचा माणूस विश्वासू दिसतो. आता भर रस्त्यात, गाडीत बसल्या बसल्या मी काय सांगणार?

बायको : सांगणार की हे माझे सासरे. तीन शब्द आहेत.

नवरा : तेव्हा नाही सुचलं.

बायको : जेवताना?

नवरा : तेव्हा उशीर झाला होता.

बायको : आणि बाबा? बाबांना हे ठाऊक आहे?

बाबा : ठाऊक आहे, ठमे.

बायको : बाबा! तुम्ही कशाला उठलात? भिंत धरा, थांबा, मी येते.

बाबा : राहू दे, दिसतं एका डोळ्यानं. ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही. तुमच्या घराच्या भिंती कागदाच्या आहेत.

नवरा : बाबा, मी तुमच्याशी बोलणारच होतो.

बाबा : बसू द्या, जावईबापू. मी काही भांडायला आलो नाही. खुर्ची कुठंय?

बायको : ही घ्या. बाबा, काय झालं होतं त्या दिवशी? तुम्ही सांगा. याच्या तोंडून नको.

बाबा : काही झालं नाही गं. पाहुणे आले, जेवले, नदीवर हिंडले, गेले. मी चहा केला. त्यांच्या बाईंना पाटावर उभं राहून मधमाश्यांच्या पेट्या बघायच्या होत्या, दाखवल्या. भित्र्या नव्हत्या बाई. मध दिला.

बायको : आणि जेवलात कुठे?

बाबा : मागच्या पायरीवर. ऊन चांगलं पडतं तिथं.

बायको : तुमच्याच घराच्या मागच्या पायरीवर.

बाबा : टेबलाला चारच खुर्च्या आहेत, ठमे.

बायको : आणि चार माणसं कोण होती? साहेब, बाई, हा. चौथं कोण?

बाबा : साहेबांचा ड्रायव्हर. साहेबांनीच बसवलं त्याला बरोबर. तशी माणसं वाईट नाहीत ती.

बायको : ड्रायव्हर टेबलाशी बसला आणि तुम्ही पायरीवर?

नवरा : मी म्हटलं होतं त्यांना, या म्हणून. दोनदा म्हटलं. तेच आले नाहीत.

बाबा : म्हणाले होते. खरं आहे. पण काय म्हणून हाक मारावी ते त्यांना सुचेना. बाबा म्हणता येईना, काका म्हणता येईना. नुसतं "या, या" म्हणत होते. मला दया आली. मी म्हटलं, साहेब, तुम्ही जेवा, मी मागे बघतो.

बायको : तुम्ही याला साहेब म्हणालात?

बाबा : त्या वेळेपुरतं.

बायको : आणि तू ऐकून घेतलंस. घास गेला तुझ्या घशाखाली?

नवरा : नाही गेला! तुला वाटतं तेवढा निर्लज्ज नाहीये मी. येताना गाडी थांबवायला लावून उलटी केली. साहेबांना म्हटलं, ऊन लागलं.

बायको : वा. ऊन लागलं.

नवरा : तू टोमणे मार. पण त्या घरात मी घाम गाळलाय, तो कोणी मोजणार आहे का? छपराची कौलं कोणी बदलली? पंप कोणी बसवला? मोरीची फरशी मी गुडघ्यावर बसून लावली, सलग चार रविवार. आणि बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, आता हे तुमचंच. बोला, म्हणाला होतात की नाही?

बाबा : म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो.

नवरा : ऐक. मी खोटं बोललो, पण अगदी हवेतलं नाही बोललो.

बायको : घर तुझं म्हणाले. मी तुझा नोकर असं म्हणाले होते?

नवरा : नोकर मी म्हटलंच नाही. मी फक्त नाही असं म्हटलं नाही.

बायको : फाटकावर आईच्या नावाची पाटी आहे. बाबांनी स्वतः रंगवलेली. ती पाहून साहेबांनी विचारलं नाही, हे कोणाचं नाव?

नवरा : ...विचारलं.

बायको : मग?

नवरा : जाऊ दे ना आता.

बायको : बाबा, काय सांगितलं यानं?

बाबा : मी पेट्यांकडे होतो. मला नीटसं ऐकू आलं नाही.

बायको : आत्ताच म्हणालात, कान शाबूत आहेत म्हणून.

बाबा : ठमे, काही गोष्टी ऐकल्या नाहीत म्हणायच्या असतात.

नवरा : माझ्या आईचं नाव म्हणून सांगितलं. झालं समाधान?

बायको : म्हणजे माझी आई तुझी आई झाली, आणि माझा बाप तुझा राखणदार. मग मी कोण रे तिथं? मला काय करणार होतास शनिवारी? निळा ड्रेस घालून मी बाबांना "ए, पाणी आण" म्हणायचं होतं?

नवरा : म्हणूनच तर म्हणत होतो, बाबांनी इथं राहावं! तोच तर मार्ग काढत होतो मी!

बायको : आवाज चढवू नकोस.

नवरा : मग काय करू? माझ्या आईचं नाव कुठल्या फाटकावर लागणार होतं, सांग ना? ती हॉटेलच्या चादरी धुवायची. आम्ही धोबीखान्याच्या मागच्या खोलीत राहायचो, छतातून वाफ गळायची. साहेब गाडीत सांगत होते, त्यांच्या वडिलांची द्राक्षाची बाग, बाईंच्या आजोबांचे घोडे. मग विचारलं, तुमचं मूळ घर कुठलं? मी काय सांगू, मूळ घर? वाफ? तोंडातून निघून गेलं, नदीकाठी आहे म्हणून. मग ते म्हणाले, दाखवा की एकदा.

बाबा : हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

नवरा : काय?

बाबा : धोबीखान्याचं.

नवरा : सांगण्यासारखं काय आहे त्यात.

बाबा : मी माणसाला नावं ठेवायच्या आधी ऐकून घेतलं असतं.

बायको : नावं कधी ठेवलीत तुम्ही याला?

बाबा : तुझ्या लग्नाच्या वेळी ठेवली नाहीत का? हा मुलगा दिसतो तसा नाही, आपल्याला पायरी करून वर जाईल, असं म्हणालो होतो. तू कित्येक वर्षं बोलणं टाकलंस माझ्याशी. तुझी आई आजारी पडली तेव्हा कुठं फाटकाशी आलीस. म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. तुला फोन करून सांगितलं असतं तर मी खरा ठरलो असतो. मला खरं ठरायचं नव्हतं, ठमे. पुन्हा एवढी वर्षं काढायची माझी ताकद नाही.

बायको : म्हणून वर्षभर मला हसत हसत विचारत होतात, जावईबापू बरे आहेत ना?

बाबा : बरे असावेत असंच वाटायचं.

नवरा : बाबा, मला माफ करा. खरंच. पाया पडतो तुमच्या.

बाबा : उठा, उठा. ते नको. आता ह्या शनिवारचं काय करायचं ते बोला. बोलावून बसलाय, तर माणसांची फजिती नको. मी असं करतो, बसनं आजच जातो. शुक्रवारी पेट्यांचं बघतो, घर झाडून ठेवतो, किल्ली उंबऱ्याजवळच्या कुंडीखाली. आणि दोन दिवस धाकट्या बहिणीकडे जाऊन राहतो. तुम्ही सांगा, राखणदार सुट्टीवर गेलाय.

नवरा : खरंच? म्हणजे... ते फार बरं होईल बाबा. त्यानं सगळाच प्रश्न सुटतो. तुम्हाला त्रास नको म्हणून म्हणतो. आणि येताना-जातानाचं मी बघतो, मी स्वतः सोडतो तुम्हाला...

बायको : बघा बाबा. बघा त्याचा चेहरा. एका डोळ्यानं दिसतोय ना?

नवरा : काय झालं आता?

बायको : आत्ता माफी मागत होतास. पुरती मागून पण झाली नव्हती.

नवरा : अगं, तेच म्हणतायत!

बायको : ते म्हणणारच. पण तू नाही म्हणशील असं समजून मी थांबले होते. फोन लाव.

नवरा : कोणाला?

बायको : साहेबांना. सांग, ते घर माझ्या सासऱ्यांचं आहे, मध देणारे तेच, पाटीवर माझ्या सासूबाईंचं नाव आहे. एवढं सांग, आणि मग सगळ्यांना ने. मेहुणीला ने, चष्मेवाल्याला ने. मी पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करीन, निळा ड्रेस घालीन, हवं तर साहेबांचे दात पण साफ करून देईन फुकटात.

नवरा : आत्ता? पुढच्या आठवड्यात निकाल आहे, आणि आत्ता मी त्यांना सांगू की वर्षभर खोटं बोललो?

बायको : मग खोटं लांबवत नेण्यापेक्षा आत्ताच बरं.

बाबा : ठमे, त्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस.

बायको : तुम्ही मध्ये बोलू नका बाबा. तुम्ही वर्षभर बोलला नाहीत, आता अजून पाच मिनिटं नका बोलू. लाव फोन. इथंच, आमच्यासमोर.

नवरा : लावतो. बघ, लावतो. सांगतो सगळं. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

(तो फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

नवरा : साहेब, मी बोलतोय. हो... जेवण झालं का? ...बरं, बरं. साहेब, शनिवारचंच बोलायचं होतं. ...नाही, नाही, रस्ता उत्तम आहे. नदीला पाणीही आहे. ...हो, गळ घेतलेत. साहेब, एक सांगायचं होतं. त्या घराबद्दल. ...हो, तेच. ते घर आहे ना साहेब, ते खरं म्हणजे... ...हो, आईच्या नावाचंच. ...हो ना, फार जीव होता तिचा. ...साहेब, अडचण अशी झालीये, की... राखणदार. आमचा राखणदार आजारी आहे. ...हो, तोच, मधवाला. ...नाही, तसं घाबरण्यासारखं नाही, डोळ्यांचं आहे. पण मागे माणूसच नाही म्हटल्यावर तुमची गैरसोय होणार. ...हो, पुढच्या महिन्यात नक्की. ...खरंय साहेब. ...हो, सांगतो त्याला. सांगतो. ठेवतो.

(तो फोन ठेवतो.)

नवरा : सहल रद्द केली. केली ना? तुला हवं होतं तेच झालं. येणार नाहीयेत ते. मी सांगायलाच सुरुवात केली होती. तू ऐकलंस. ओठावर आलं होतं अगदी. त्यांनी मध्येच आईचा विषय काढला.

बाबा : मला काय सांगायला सांगितलं?

नवरा : कुठं काय?

बाबा : शेवटी म्हणालात ना, सांगतो त्याला म्हणून.

नवरा : काही नाही, असंच. ...म्हणाले, अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. जपा त्याला.

बाबा : माणूस भला दिसतो.

बायको : बाबा, तुमची पिशवी कुठंय?

बाबा : आत, पलंगाशी. औषधाचे थेंब वर ठेवलेत, हाताशी. कितीची बस आहे?

बायको : मिळेल ती घेऊ. टोपी घाला, डोळ्यावर ऊन येईल. थांबा, माझे चार कपडे भरते. ए, ती कपाटावरची काळी बॅग काढ. माझा हात पुरत नाही.

नवरा : तू कशाला? मी सोडतो दोघांना गाडीनं. रात्रीपर्यंत परत येऊ.

बायको : बॅग काढ.

नवरा : आणि उद्या दवाखाना?

बायको : कळवते मी त्यांना.

नवरा : परत कधी येणार ते तरी सांग. दोन दिवस? चार? अगं, काहीतरी बोल. बाबा, तुम्ही तरी सांगा तिला.

बाबा : मी काय सांगणार, जावईबापू? चला, मी जिन्यापाशी थांबतो. तुमची लिफ्ट नको मला, जिन्यानंच उतरतो सावकाश.

नवरा : ही घे बॅग. एवढ्यावरून कोणी घर सोडून जातं का? शेजारी बघतील. ऑफिसात कळेल. बाई पुन्हा फोन करतील तुला. कोणी विचारलं, बायको कुठंय, तर मी काय सांगू?

बायको : ते तुला जमतं.